कागदाला पाय लागला

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला, पिस्कॅटवे गावच्या पार्कात कणसं भाजता भाजता मी जाहीर केलं की मला एक सरकारी फेलोशिप मिळाली आहे. पहिला प्रश्न आला, "पैसे देतात का गं?" मी म्हटलं, "देतात. दर महिन्याला, पगारासारखे." सगळ्यांचे चेहरे फुलले. मग दुसरा प्रश्न आला, "पण कशातली?" मी म्हटलं, "भूसुरुंग काढण्यातली." कणसाला मीठ-लिंबू चोळणारे हात जागच्या जागी थांबले. माझी एक जुनी मैत्रीण अगदी काळजीनं म्हणाली, "अगं, तुला दुसरं काही मिळालं नाही का? योगा वगैरे?"

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशीही आला. पण हातात गरम कणीस होतं आणि तोंडात दाणे, म्हणून योगाचं प्रकरण तिथंच मिटलं.

खरं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. मी नागपूरची, पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर. न्यू जर्सीत आल्यापासून दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम मोडून दाखवायचे आणि त्यांच्या शिव्या खायच्या, हेच माझं काम. मग एके दिवशी कंपनीनं आमची सगळी टीमच एका व्हिडिओ कॉलमध्ये घरी बसवली. नवऱ्याची नोकरी शाबूत होती. मुलगी कॉलेजसाठी बॉस्टनला गेली होती. घरात मी आणि डिशवॉशर, दोघांचाच काय तो आवाज. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी घराजवळच्या मोठ्या विद्यापीठात मास्टर्सला नाव घातलं. वर्गातली मुलं मला 'मॅम' म्हणायची आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये बरोब्बर माझ्याच गटात यायची, कारण मी वेळेवर काम करते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

तिथंच या फेलोशिपची जाहिरात पाहिली. लढाया संपल्या तरी जमिनीत पुरलेले सुरुंग तसेच राहतात, आणि ते काढणाऱ्या संस्थांना अमेरिकन सरकार पैसे पुरवतं. हे काम बघणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या कार्यालयात दर वर्षी थोडे विद्यार्थी वर्षभरासाठी घेतात. त्यांनी संस्थांचे अहवाल वाचायचे, शंका काढायच्या, आणि शेवटी जागेवर जाऊन काम बघायचं. वाचायचं, शंका काढायच्या, जाऊन बघायचं! मी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? फरक एवढाच की इथं चूक राहून गेली तर स्क्रीन काळा होत नाही, कुणाचा तरी पाय जातो. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "मला हे हवंय." मला काहीतरी हवंय असं मी फार दिवसांनी म्हणत होते. त्यानं वरणाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "मग अप्लाय कर ना यार, विचारतेस काय?"

अर्ज करायला अमेरिकन नागरिक असावं लागतं. आम्ही शपथ घेऊन बरेच दिवस झाले होते, पण तोवर मी त्या निळ्या पासपोर्टाचा उपयोग फक्त विमानतळावरच्या लहान रांगेसाठी केला होता. मग माझी सरकारी चौकशी झाली. एक कोटवाले गृहस्थ शेजारच्या निवृत्त डॉक्टरकाकांकडे येऊन माझ्याविषयी विचारून गेले. काकांनी मला नंतर मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मी म्हटलं त्याला, शी इज शॉर्ट टेंपर्ड, बट हंड्रेड पर्सेंट ऑनेस्ट. आणि तुझ्या चकल्यांचंही सांगितलं." चकल्यांनी काम झालं की रागानं, कोण जाणे, पण मला घेतलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, सीरियसली? लाइक, विथ पीपल माय एज?" मी म्हटलं, "हो, तुझ्याच वयाच्या लोकांबरोबर. त्यांना सवय होईल."

सोमवारी ट्रेननं वॉशिंग्टन, तिथं एक भाड्याची खोली, शुक्रवारी परत घरी, असं सुरू झालं. माझ्या वाट्याला आग्नेय आशियातला एक देश आला आणि त्या देशातला एक डोंगरउतार. देशाचं नाव इथं लिहीत नाही, गावाचंही नाही. या लिखाणात कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शाळा आणि मधे हा उतार. लढाई संपली तेव्हा आजच्या मुलांचे आईबापही लहान होते. तरी मुलं शाळेत जाताना उताराला लांबलचक वळसा घालून जायची, आणि समोर शाळा दिसत असूनही कुणी सरळ जात नसे. तिथलेच स्त्री-पुरुष गुडघ्यांवर बसून तो उतार वीत-वीत साफ करत होते. तपासायची जागा कुठं सुरू होते ते लाल टोकाच्या खुंट्या दाखवायच्या, साफ झालेली जागा पांढऱ्या टोकाच्या. अहवालांतल्या फोटोत महिन्यामहिन्याला पांढऱ्या खुंट्या वर सरकताना दिसायच्या. मी ते फोटो इतके पाहिले की त्या उतारावरचं एक वाकडं झाड मला आमच्या अंगणातल्या मेपलपेक्षा जास्त ओळखीचं झालं.

वसंत ऋतूत तो उतार पूर्ण होणार होता. गावाला जमीन परत देण्याचा कार्यक्रम होणार होता आणि आम्हा फेलोजना तिथं नेणार होते. पण त्याआधी एक अट होती. सुरुंगांच्या जागी जायचं तर सुरक्षेची परीक्षा पास व्हायला हवी. नापास झालात तर एकदाच पुन्हा संधी. पुन्हा नापास, तर बाकीचे विमानात आणि तुम्ही टेबलाशी. मी ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी त्या वाकड्या झाडाशी मी उभी राहणार.

परीक्षा व्हर्जिनियातल्या एका ट्रेनिंग ग्राउंडवर होती. झाडोरा, गवत, चिखल आणि त्यातून टेप लावून आखलेली अरुंद पायवाट. सुरुंग अर्थात खोटे, पण वागायचं खऱ्यासारखं. आमची शिक्षिका अमेरिकन, पिकल्या केसांची, उंचीपुरी. पूर्वी सैन्यात हेच काम केलेली. तिचा एक गुडघा दुखरा होता आणि गळ्यात एक शिट्टी. शिट्टी वाजली की जो जिथं असेल तिथं दगड व्हायचं. नियम तिनं सोपे करून सांगितले. आखलेल्या वाटेवरच पाय ठेवायचा. काही पडलं तर पडू द्यायचं, मग तो फोन असो की लग्नाची अंगठी. वाकायचं नाही. टेपच्या बाहेर हात न्यायचा नाही. पायाला किंवा डोळ्याला काही जाणवलं तर थांबायचं, मोठ्यानं सांगायचं आणि ती येईपर्यंत उभं राहायचं. ती मुद्दाम वाटेत वस्तू टाकून ठेवते, हेही तिनं आधीच सांगितलं. "माणसं हुशार असतात," ती म्हणाली, "पण माणसांचे हात हुशार नसतात."

मी मनात म्हटलं, माझे हात आहेत हुशार. मी टेस्टर आहे. सापळे लावण्यातच माझी उमर गेली.

माझ्या आधीचा पोरगा खाली पडलेली टोपी उचलायला वाकला आणि शिट्टी खाऊन परत आला. मी गालात हसले. मग माझी पाळी. मी अगदी सावकाश, एकेक पाऊल बघून चालले. टोपी ओलांडली. एक चकचकीत पेन ओलांडलं. पुढं वाटेच्या कडेला एक पुस्तिका पडली होती, आम्हाला सकाळी वाटलेली सुरक्षेच्या नियमांचीच. अर्धी वाटेवर, अर्धी टेपच्या पलीकडे. मला सापळा लगेच कळला. मी ती उचलणार नव्हते. मी तिच्या बाजूनं पाय टाकला, आणि बुटाची कड पुस्तिकेला लागली.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. मी खटकन वाकले, हात टेपच्या पलीकडे गेला, पुस्तिकेला लागला आणि तिथून कपाळाला. शिट्टी इतकी कर्कश्श वाजली की झाडावरचे कावळे उडाले.

"यू आर डेड, मॅम," शिक्षिका जवळ येत म्हणाली. मग ती जरा घुटमळली. एवढ्या वर्षांत तिनं टोपी उचलणारे पाहिले होते, फोन उचलणारे पाहिले होते. "तुम्ही ते उचललं नाहीत," ती म्हणाली. "हात लावलात आणि मग सॅल्यूट केलात. तो काय प्रकार होता?"

सगळे फेलोज बघत होते. मी म्हटलं, "त्याला माझा पाय लागला. म्हणून मी माफी मागितली."

"कुणाची?"

"कागदाची."

कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. शिक्षिकेनं मान हलवली आणि माझ्या नावापुढं फुली मारली. मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. मला रडू आलं नव्हतं, संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. ज्यांनी मला हे शिकवलं ते आईवडील आता नव्हते. पाटीला पाय लागला, नमस्कार कर. दप्तराला लागला, नमस्कार कर. केरसुणीला, माणसाला, वर्तमानपत्राला, सगळ्यांना नमस्कार. अक्षरओळख व्हायच्या आधीपासून हे अंगात मुरलेलं. गेल्या कित्येक वर्षांत मी देवापुढं किती वेळा हात जोडले असतील शंकाच आहे, पण कॉस्टकोच्या कूपनच्या कागदाला पाय लागला तरी माझा हात खाली जातोच.

त्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगची, नोव्हेंबरअखेरची सुट्टी होती आणि मुलगी घरी आली होती. मी दारातून आत येऊन पर्स सोफ्यावर आपटली आणि सगळं सांगितलं. बापलेक दोघं आधी हसून हसून लोळले. मला राग चढलेला पाहून नवरा डोळे पुसत म्हणाला, "ओके, ओके. प्रॅक्टिस करून टाकू. सेटअप मी करतो."

नवरा पुण्याचा आहे. कामं वाटून देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण या वेळी त्यानं स्वतः केलं. रंग देताना लावतात ती निळी टेप त्यानं हॉलपासून किचनपर्यंत दोन ओळींत लावली. मधे आणि कडेला जुने दिवाळी अंक, मुलीची केमिस्ट्रीची जाडजूड पुस्तकं, जंक मेल, सगळं पसरलं. जमिनीवर पसरलेले दिवाळी अंक बघूनच मला कसंतरी झालं. "चल," तो म्हणाला, "पाय लावत जा आणि नमस्कार करू नकोस. सिंपल."

मी चालले. पहिल्याच अंकाला पाय लागला आणि हात गेला. पुन्हा चालले, पुन्हा गेला. हात पाठीमागे धरून चालले, तर मीच कमरेतून वाकले. तेवढ्यात किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि मी एक पाय हवेत धरून दगड झाले. नवरा म्हणाला, "शिट्टीची प्रॅक्टिस मात्र झकास झालीय."

मुलगी काउंटरवर बसून हे बघत होती. म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ हॅबिट. यू जस्ट डिसाइड. हे बघ." आणि उतरून मोज्यांनीच झपाझप निघाली. तिसऱ्या पावलाला तिचा अंगठा केमिस्ट्रीच्या पुस्तकाला लागला. तिचा हात पुस्तकाकडे गेला, तिथून कपाळाला, आणि मग ती तशीच, कपाळाला बोटं लावलेली, आमच्याकडे बघत राहिली.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "आय डू इट टू? मी लायब्ररीत पण करते का?"

न्यू जर्सीत जन्मलेली, मराठीत प्रश्न विचारला तर इंग्लिशमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी! मला इतका आनंद झाला की घटकाभर परीक्षा विसरले. मी तिला मुद्दाम हे कधी शिकवलं होतं, ते मलाच आठवेना.

मग नवऱ्याची पाळी. तोही चालला. दिवाळी अंकाला त्याचा पाय लागला, आणि त्यानं न वाकता, न थांबता, उजव्या हाताची बोटं नुसती छातीला टेकवली आणि पुढं गेला. पुढच्या पुस्तकाला लागला, पुन्हा छातीला बोटं. मुलगी ओरडली, "वेट! बाबा काय करतोय? ही इज नॉट बेंडिंग!"

इथं मला थोडं मागचं सांगायला हवं. नवऱ्याचा हा आळशी नमस्कार म्हणजे आमच्यातला जुना वाद आहे. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा म्हटलं होतं, "हे काय? वाकायला कंबर भाड्यानं आणलीय का?" तो म्हणाला होता, "भावना पोचल्याशी मतलब." तेव्हापासून तो तसाच करतो, आणि तेव्हापासून मी त्याच्या नमस्काराला पुणेरी काटकसर म्हणते. आणि आता तोच आळशी नमस्कार माझ्यासमोर निळ्या टेपच्या आतून, हात इकडे ना तिकडे, डुलत डुलत किचनपर्यंत पोचला.

मी म्हटलं, "पुन्हा करून दाखव."

"काय?"

"तुझा तो... नमस्कार."

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यानं मला शिकवलं. हात कुठून निघतो, कुठं थांबतो. मुलीनं त्यात भर घातली. "आई, थांबवू नकोस. यू कान्ट. फक्त हाताला दुसरीकडे पाठव. पाय लागला की चेस्ट, आणि फ्रीज, म्हणजे दगड." पुढचे सगळे वीकएंड आमच्या हॉलमध्ये पुस्तकं पसरलेली असायची. पाय लागला की छातीला हात आणि दगड. एकदा ग्रोसरी स्टोअरमध्ये, दुधाच्या कपाटांसमोर, एका बाईच्या कार्टला माझा पाय लागला आणि मी छातीला हात लावून अशी स्तब्ध उभी राहिले की ती घाबरून म्हणाली, "आर यू हॅविंग अ हार्ट अटॅक?"

दुसरी परीक्षा हिवाळा सरता सरता झाली. आभाळ भरलेलं, गवत वाळून आडवं पडलेलं, चिखल बुटांना धरून ठेवणारा. या वेळी परीक्षा देणारे आम्ही दोघंच होतो, टोपीवाला पोरगा आणि मी. तो आधी जाऊन, पास होऊन, उड्या मारत परत आला. मला अंगठा वर करून शुभेच्छा दिल्या. मी हसले. ही शेवटची संधी होती. हुकली असती तर त्या उतारावरून बाकीचे चालले असते आणि मी त्यांचे फोटो बघितले असते.

मी निघाले. वाटेत एक नकाशा पडला होता. तिनं तो माझ्यासाठीच टाकला होता, हे मला पुरतं ठाऊक होतं. वाट तिथं इतकी अरुंद होती की पाय लागणारच. लागला. बोटं छातीला गेली, मी थांबले, मोठ्यानं म्हटलं, "कागदाला पाय लागलाय, कागदच आहे, पुढं जाऊ का?" लांबून आवाज आला, "गो अहेड." पुढं तिचं घड्याळ पडलं होतं. त्याला पाय लागला नाही, पण मी त्याला डोळ्यांनीच राम राम केला. आता शेवटची पांढरी खुंटी समोर दिसत होती. मला वाटलं, झालं.

आणि माझी बोटं छातीला लागलेली मला दिसली.

मी का थांबले ते मला कळलं नव्हतं. खाली काही नव्हतं, नुसतं वाळकं गवत. कागद नाही, पुस्तक नाही. पण पाय थांबला होता आणि हात छातीशी होता, म्हणजे कशाला तरी माझा पाय लागला होता. बुटाच्या जाड कातड्यातून, घोट्याच्या जरा खाली, काहीतरी अगदी हलकं. मी ओरडले, "स्टॉप! माझ्या पायाला काहीतरी लागलंय."

"काय लागलंय?" शिक्षिकेनं विचारलं.

"माहीत नाही. पण लागलंय."

ती आपला दुखरा गुडघा सांभाळत पलीकडून आली, बसली आणि माझ्या बुटासमोरचं गवत दोन बोटांनी बाजूला केलं. तिथं एक तार होती. गवताच्याच रंगाची, सैल सोडलेली. खऱ्या सुरुंगाला अशी तार बांधलेली असते, ती ओढली गेली की स्फोट. ती तार माझ्या बुटाला टेकलेली होती, पण ओढली गेली नव्हती.

शिक्षिकेनं तार बोटानं तपासली. मग वर बघून म्हणाली, "लागणं आणि ओढलं जाणं यात एवढीशीच फट असते. बहुतेकांना ती कळतच नाही, ते पाऊल पूर्ण टाकून मोकळे होतात. तुमच्या मित्रानंसुद्धा तार आधी डोळ्यांनी पाहिली म्हणून वाचला. तुम्ही पाहिली नाहीत. बुटातून कसं कळलं?"

मी म्हटलं, "आमच्या घरात पायांवर लहानपणापासून पहारा असतो. कशाला लागला ते कळलंच पाहिजे. माफी मागायची असते ना."

तार डोळ्यांनी पाहायला हवी होती, हे तिनं मला खडसावून सांगितलं. नशिबावर आणि बुटावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणाली. मग उठली, चिखल झटकला आणि म्हणाली, "पास." मी दोन्ही हात वर करून अशी काही किंचाळले की टोपीवाला पोरगा धावत आला. मी त्याला मिठी मारली. शिक्षिकेलाही मारली. ती लाकडासारखी उभी राहिली, पण तिनं माझी पाठ दोनदा थोपटली. "एक दिवस सुरक्षित जागा मिळाली," ती म्हणाली, "की खाली वाकून पूर्ण करा तुमचं ते. अर्धवट ठेवलेलं काम मला आवडत नाही."

मी घरी फोन केला. नवरा म्हणाला, "हे माझं यश आहे." मी म्हटलं, "आहे." लग्नानंतर मी त्याचं म्हणणं इतक्या चटकन कधी मान्य केलं नव्हतं, त्यामुळे त्यानं ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मुलीनं मेसेज पाठवला, त्यात नुसती ज्वाळांची चित्रं होती, म्हणजे तिच्या भाषेत शाबासकी. मी डॉक्टरकाकांना कळवलं आणि मग, मुद्दाम, योगावाल्या मैत्रिणीला. ती म्हणाली, "अगंबाई! खरंच तार होती? आता मंडळात सगळ्यांना सांगणार मी." आणि तिनं सांगितलं. पुढच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला आणि तारेची गोष्ट तिनंच माझ्यापेक्षा रंगवून सांगितली.

वसंतात आम्ही गेलो. लांबचं विमान, मग लहान विमान, मग जीप. एका वळणावर ते वाकडं झाड दिसलं आणि मी जीपमध्येच अर्धवट उभी राहिले. फोटोत दिसत नाही असं पुष्कळ तिथं होतं. धूर, कोंबड्या, उन्हात तापलेल्या मातीचा वास, आणि उतारापलीकडे शाळेच्या भिंतीचा निळा रंग. अख्खं गाव नवे कपडे घालून उताराच्या कडेला उभं होतं, पण जमिनीवर मात्र कुणीच पाय ठेवत नव्हतं. इतक्या दिवसांचा धाक, तो एका भाषणानं कसा जाणार?

म्हणून तिथली एक रीत आहे. ज्यांनी जमीन साफ केली, तेच आधी तिच्यावरून चालतात, सगळ्यांसमोर. त्या बायका आणि पुरुष, ज्यांना मी इतके महिने फोटोत गुडघ्यांवर बसलेलं पाहिलं होतं, हातात हात घालून एका ओळीत खांद्याला खांदा लावून निघाले. दाणदाण पावलं आपटत चालले, जाणूनबुजून, मातीला सांगत असल्यासारखे. पलीकडे पोचले आणि वळून त्यांनी हात हलवले. मग मुलं सुटली. कुणी थांबवायच्या आत ती उतारावरून सरळ शाळेकडे पळत सुटली, आणि मागून त्यांच्या आया ओरडत, हसत, रडत. मीही रडत होते, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही.

मग आमची पाळी आली. आमची शिक्षिकाही आमच्या सुरक्षेसाठी सोबत आली होती, गळ्यात शिट्टी घालूनच. मी वाकड्या झाडापाशी गेले, बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पाय मातीवर ठेवला. जमीन उबदार होती. माझी बोटं सवयीनं छातीला गेली आणि मी स्तब्ध उभी राहिले.

मागून तिचा आवाज आला. "इट्स क्लीन, मॅम. पूर्ण करा."

मी खाली वाकले. मातीला हात लावला, कपाळाला लावला. मग पुन्हा एकदा लावला, सावकाश. शिट्टी वाजली नाही.